काचघरातलं वसंत-प्रदर्शन आणि आपल्या कुंड्या: काय उचलावं, काय सोडावं

जास्वंदी

कॉन्झर्व्हेटरीतलं, म्हणजे मोठ्या काचघरातलं, वसंताचं पुष्पप्रदर्शन बघून आलेल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये साधारण तेच फोटो असतात. ट्यूलिपचे ताटवे, हायसिंथचे पट्टे, वर लटकणाऱ्या टोपल्या. मग त्याच उत्साहात नर्सरी गाठली जाते, फुललेलं दिसेल ते रोप उचललं जातं, एका कुंडीत पाच रंग दाटीवाटीने बसवले जातात आणि ती मजा काही येत नाही. माझं म्हणणं असं की आपण तिथे फुलं बघतो, मांडणी बघायची राहून जाते. हा धागा मांडणीसाठी काढतेय.

यंदा मी मुद्दाम वाफ्यांच्या कडेकडेने फिरले. वाफा वाटतो तो बऱ्याचदा वाफा नसतोच. प्लास्टिकच्या कुंड्या काठापर्यंत सालीच्या भुशात बुडवलेल्या असतात आणि वर शेवाळ पसरलेलं असतं. मी उभी होते तिथेच माळीकाम करणाऱ्या एका बाईंनी शेवाळ बाजूला सारलं, हात घालून पाकळ्या कागदासारख्या झालेली डॅफोडिलची आख्खी कुंडी उपसली, त्याच खळग्यात कळ्यांवर आलेली दुसरी बसवली आणि शेवाळ पुन्हा ओढून घेतलं. मागून येणाऱ्यांना काही कळलंही नाही. प्रदर्शन आठवडेच्या आठवडे भरात दिसतं ते असं. फुलं उमेदीत असतील तेवढाच काळ बाहेर, पुढची तुकडी मागे थंड खोलीत तयार.

मला घरासाठी यातून सगळ्यात मोलाची वाटलेली गोष्ट: एका कुंडीत एकच जात, आणि देखावा उभा करायचा तो कुंड्यांच्या घोळक्यातून. मोठ्या कुंडीत छोट्या कुंड्या बुडवता येतात. ४० सेंटिमीटर तोंडाच्या कुंडीत १५ सेंटिमीटरच्या तीन कुंड्या आरामात बसतात, मधल्या फटी कोकोपीटने (नारळाच्या काथ्याच्या भुशाने) भरायच्या, वर शेवाळ. एक फूल गेलं की तेवढी कुंडी काढायची. बाकीच्यांच्या मुळांना धक्का नाही.

दुसरी गोष्ट रंगांची. तिथला प्रत्येक कोपरा दोन, फार तर तीन रंगांत होता, आणि ते रंग सांधायला पांढरा किंवा फिका पिवळा. गडद निळा-जांभळा जवळून सुंदर, पण सावलीत चार पावलं मागे गेलं की बुडून जातो. शेजारी पांढरं काही असलं की तोच जांभळा दिसायला लागतो.

आणि पानं! निम्मी जागा पानांची होती. फर्न, आयव्ही, ह्युकेराची तांबूस पानं. फुलं मोजून थोडी होती, तरी नजर भरत होती. तुम्ही काय काय टिपलंत ते लिहा.

रानवारा

मस्त विषय. पण ‘एका कुंडीत एकच जात’ याला माझा विरोध नोंदवून ठेवतो. ज्याच्याकडे दहा कुंड्यांची जागा आहे त्याला हे जमेल. ज्याच्याकडे दाराशी एकच मोठी कुंडी आहे त्याने काय करायचं?

मिश्र कुंडीचं जुनं सूत्र अजूनही उत्तम आहे: मध्ये एक उंच, भोवती भरीव, कडेला ओघळणारं. वसंतासाठी मध्ये स्नॅपड्रॅगन किंवा स्टॉक, भोवती पॅन्सी नाहीतर प्रिम्युला, कडेने अ‍ॅलिसम किंवा आयव्ही. अट एकच, तिघांची ऊन-पाण्याची गरज सारखी हवी. लोक फर्नच्या शेजारी गझानिया लावतात. एकाला सावली आणि ओल हवी, दुसरीला कडक ऊन आणि कोरडी माती. दोघांपैकी एक जाणारच.

उंचीचं म्हणाल तर मधलं रोप कुंडीच्या उंचीच्या साधारण दीडपट ते दुप्पट असलं की डोळ्याला बरं दिसतं. त्याहून उंच गेलं तर वाऱ्याने कुंडी कलंडते. काचघरात वारा नसतो, हे तिथले फोटो बघताना ध्यानात घ्यायला हवं. डेल्फिनियमचे ते पुरुषभर दांडे उघड्यावर आधाराशिवाय उभे राहत नाहीत.

दगडफूल

जास्वंदी, धागा वाचनखुणेत टाकला.

रानवारा, एका कुंडीवाल्यांसाठी तिसरा मार्गही आहे: कंदांचे थर. खोल कुंडी घ्या, निदान ३५-४० सेंटिमीटर. काठापासून २० सेंटिमीटर खाली ट्यूलिपचे कंद, त्यावर माती. मग १२-१५ सेंटिमीटरवर डॅफोडिल किंवा हायसिंथ, पुन्हा माती. सगळ्यात वर ७-८ सेंटिमीटरवर क्रोकस नाहीतर मस्करी (द्राक्षांच्या घडासारखी बारीक निळी फुलं येणारा छोटा कंद), आणि माथ्यावर पॅन्सीची रोपं. कंद एकमेकांना टेकू द्यायचे नाहीत, एवढंच. बाकी जमिनीपेक्षा बरेच जवळ चालतात. खालचे कोंब वरच्या कंदांना वळसा घालून बाहेर येतात.

एक बारीक गोष्ट. ट्यूलिपच्या कंदाची एक बाजू चपटी असते. ती कुंडीच्या भिंतीकडे करून लावा. पहिलं मोठं पान त्याच बाजूने निघतं, मग कडेने सगळी पानं बाहेर झुकतात आणि मध्ये दांडे मोकळे राहतात. एकसारख्या भरलेल्या कुंडीचं रहस्य पुष्कळदा एवढंच असतं.

थरांची कुंडी एकाच वेळी सगळी फुलत नाही, हे मात्र आधी कळलेलं बरं. आधी क्रोकस, मग हायसिंथ-डॅफोडिल, शेवटी ट्यूलिप. प्रदर्शनात हे सगळे एकत्र दिसतात कारण प्रत्येकाला वेगळी थंडी मोजून दिलेली असते आणि बाहेर काढायच्या तारखा उलट्या मोजलेल्या असतात. घरी एका कुंडीत तो ठाठ नाही साधत, पण त्याऐवजी महिना-दीड महिना काही ना काही उमलत राहतं. मला तर हेच जास्त आवडतं.

कोवळं_पान

सगळ्यांचे प्रतिसाद वाचतेय, खूप शिकायला मिळतंय. दगडफूल, एक विचारू? माझ्या ट्यूलिपला दांडेच आले नाहीत. फूल अगदी मातीला टेकून, पानांच्या बेचक्यात उमललं. दोन कंदांना तर कळी आली आणि तपकिरी होऊन वाळून गेली. कंद चांगले टपोरे होते.

दगडफूल

कोवळं_पान, विचार की. आखूड दांडा म्हणजे जवळजवळ नेहमी थंडी कमी पडली. ट्यूलिपच्या कंदात फूल आधीच तयार असतं, पण दांडा लांबायला त्याला थंडीचा काळ लागतो. २ ते ९ अंश सेल्सियस, १२ ते १६ आठवडे. डॅफोडिललाही जवळपास तेवढेच, हायसिंथला ११ ते १४. क्रोकस ८ आठवड्यांपासून तयार होऊ लागतात. पेपरव्हाइट नार्सिससला मात्र थंडी लागतच नाही, ते लावल्यापासून चार ते सहा आठवड्यांत फुलतात. पहिल्यांदा करणाऱ्याने त्यांच्यापासून सुरुवात करावी.

कळी वाळण्याची कारणं दोन संभवतात. एक, थंडीतून काढून थेट उबदार खोलीत ठेवणं किंवा त्या दिवसांत माती कोरडी पडणं. कोंब वर आल्यावर पहिले दहा-पंधरा दिवस १० ते १५ अंशांच्या जागी ठेवावं, मग उजेडात. दुसरं, फ्रिजमधली फळं. सफरचंदासारखी पिकणारी फळं इथिलीन वायू सोडतात आणि तो कंदातल्या कळीला मारतो. कंद कागदी पिशवीत ठेवून फ्रिजमध्ये गारवणार असशील तर त्या फ्रिजमध्ये फळं नकोतच.

उन्हाळी

इथे माझ्यासारखे बरेच जण असतील, ज्यांच्याकडे थंडी नावापुरती पडते. १६ आठवडे फ्रिज अडवून ट्यूलिप एकदा फुलवायचे, आणि पुढच्या वर्षी ते पुन्हा येत नाहीत. हौस म्हणून ठीक. पण काचघराचा तो परिणाम हवा असेल तर ट्यूलिपच कशाला?

दक्षिण आफ्रिकेच्या केप भागातले कंद बघा: फ्रीशिया, स्पॅरॅक्सिस, इक्सिया, बबियाना. त्यांच्या मूळच्या प्रदेशात हिवाळा सौम्य आणि पावसाचा, उन्हाळा कोरडा. त्यामुळे त्यांना गोठवणारी थंडी नको असते, गार रात्री पुरतात. रॅननक्युलस आणि अ‍ॅनिमोनही सौम्य थंडीत छान येतात. रॅननक्युलसचे कंद वाळलेल्या पंजासारखे दिसतात, ते दोन-चार तास पाण्यात भिजवून बोटं खाली करून लावायचे. भिजवून रात्रभर विसरायचं नाही, कुजतात.

हिपिॲस्ट्रम, ज्याला सगळे अ‍ॅमरिलिस म्हणतात, ते तर कुंडीसाठीच जन्मलंय. कंदापेक्षा जेमतेम दोन बोटं रुंद कुंडी, वरचा तिसरा हिस्सा मातीबाहेर, कोंब दिसेपर्यंत पाणी बेताचं. सहा ते आठ आठवड्यांत फूल. एका रंगाचे पाच कंद पाच कुंड्यांत, ओळीने, पायाशी फर्न. काचघरातल्या कुठल्याही कोपऱ्याच्या तोडीस तोड.

हंगामी फुलांत पिटूनिया, फ्लॉक्स, डायंथस, नॅस्टर्शियम, कॅलेंड्युला. ऊन तापायला लागलं की पॅन्सी मान टाकते, तेव्हा तिच्या जागी बसवायला दुसरी कुंडी तयार ठेवायची. इथे मी जास्वंदीच्या बाजूने आहे: अदलाबदल करता येणारी कुंडीच उष्ण हवेत टिकाव धरते. सावलीच्या कोपऱ्यात कॅलेडियम आणि कोलियस लावा, फुलांवाचून रंग मिळतो. कॅलेडियम फक्त माती चांगली उबदार झाल्यावर, २० अंशांच्या वर. गार मातीत तो कंद बसून राहतो आणि सडतो.

जुना_माळी

चर्चा उत्तम चालू आहे. एक गोष्ट कोणीच लिहिली नाही म्हणून लिहितो. कुंडीच्या तळाला ठिकऱ्यांचा किंवा खडीचा चांगला जाड थर द्या, नाहीतर कंद सडतील. आम्ही वर्षानुवर्षं असंच करत आलो.

बाल्कनीकर

माळीकाका, आदर राखून असहमत. भोकावर एखादी ठिकरी किंवा जाळीचा तुकडा, माती वाहून जाऊ नये म्हणून, जरूर. पण जाड थराने निचरा सुधारत नाही, उलट बिघडतो.

बारीक मातीतलं पाणी खालच्या जाड थरात सहजी उतरत नाही. वरच्या मातीचा तळाकडचा भाग पूर्ण टच्च भिजला की मगच उतरतं. म्हणजे कुंडीच्या बुडाशी राहिला असता तो चिंब पट्टा खडीच्या उंचीने वर सरकतो, थेट मुळांपाशी. आणि मुळांना मिळणारी मातीही तेवढी कमी होते.

पडताळा घरी घेता येतो. भांडी घासायचा स्पंज पूर्ण भिजवून आडवा धरा, ठिबकणं थांबेपर्यंत. आता तोच उभा करा. पुन्हा पाणी ठिबकतं. उंच कुंडीत वरची माती जास्त मोकळी राहते ती याच कारणाने. उथळ पसरट कुंडीत पूर्ण माती ओली राहते, म्हणून कंदांना उंच कुंडी मानवते.

निचरा हवा असेल तर मिश्रणातच परलाइट (फुगवलेल्या खडकाचे पांढरे, हलके दाणे) किंवा जाड वाळू मिसळा, सगळीकडे सारखी. बाल्कनी असेल तर वाळूऐवजी परलाइटच, कारण वजन. १ लीटर पाण्याचं वजन १ किलो, आणि मोठी कुंडी भिजली की ते सगळं आपल्या कठड्यावर. माझ्या मोठ्या कुंड्या भिंतीलगत असतात, कठड्याशी फक्त हलक्या.

जुना_माळी

स्पंज करून पाहिला. पटण्यासारखं आहे. तरी ठिकरी भोकावर पालथी घालायची सवय सोडणार नाही, ती तुम्हालाही मान्य दिसते. कडक थंडीवाल्यांसाठी भर घालतो. जमिनीतल्या मुळांना वरूनच थंडी लागते, कुंडीतल्या मुळांना चारी बाजूंनी. त्यामुळे कंद लावलेल्या कुंड्या हिवाळ्यात भिंतीच्या आडोशाला एकमेकींना चिकटवून ठेवा, बाहेरून गोणपाट किंवा फुग्यांचं प्लास्टिक गुंडाळा. मातीच्या कुंड्या पाणी शोषतात. ते पाणी गोठताना साधारण ९ टक्क्यांनी फुगतं आणि कुंडीचे पापुद्रे सुटतात. कुंडीखाली विटांचे तुकडे देऊन ती जमिनीपासून उचलून ठेवली तर पाणी साचत नाही.

मनीमाऊ

घरात मांजर असणाऱ्यांनी हा प्रतिसाद नीट वाचावा ही विनंती. लिलियम आणि डे लिली मांजरांसाठी जीवघेण्या आहेत. पान, पाकळी, अंगाला लागलेले परागकण चाटले तरी, फुलदाणीतलं पाणी प्यायलं तरी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. प्रदर्शनातल्या लिली कितीही मोहक असोत, मांजराच्या घरात नकोत. ट्यूलिप, हायसिंथ, डॅफोडिल यांच्या कंदांत विष जास्त असतं आणि कुत्रे ते उकरतात, विशेषतः मातीत हाडांचा चुरा घातला असेल तर वासाने. अझेलिया, हायड्रेंजिया, कॅलेडियम, फॉक्सग्लव्हही विषारी. फॉक्सग्लव्ह माणसाच्या हृदयालाही घातक.

मग उरतं काय? पुष्कळ. स्नॅपड्रॅगन, पॅन्सी, पिटूनिया, अ‍ॅलिसम, बोस्टन फर्न. यांच्यावर आख्खं वसंत-प्रदर्शन उभं राहतं. हायसिंथचे कंद हाताळताना हातमोजे घाला, कातडीला खाज सुटते.

तावदान

थोडं अवांतर, पण विषयाला धरून. ही काचघरं एवढी मोठी झाली ती १९व्या शतकात, लोखंडी सांगाडा आणि स्वस्त काच हाताशी आल्यावर. ब्रिटनमध्ये काचेवरचा कर १८४५ साली उठला, लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानातलं पाम हाऊस हे काचघर १८४८ साली पुरं झालं आणि १८५१ साली लंडनमध्ये जोसेफ पॅक्स्टनचा क्रिस्टल पॅलेस, प्रदर्शनासाठीचं प्रचंड काचघर, उभा राहिला. पॅक्स्टन मूळचा माळी, हे मला फार आवडतं. पिट्सबर्गची फिप्स कॉन्झर्व्हेटरी १८९३ सालची. हेन्री फिप्स या पोलाद-उद्योजकाने ती शहराला दिली आणि तिथली सुरुवातीची बरीच झाडं त्याच वर्षीच्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनातून आलेली. पेनसिल्व्हेनियातल्या लाँगवुड गार्डन्सचं मोठं काचघर १९२१ साली खुलं झालं. मॅसॅच्युसेट्सच्या स्मिथ कॉलेजात दर मार्चला कंदफुलांचं प्रदर्शन भरतं, बाहेर बर्फ असताना.

मुद्दा हा की वसंताची ही प्रदर्शनं ज्या दालनांत भरतात ती मुद्दाम गार ठेवतात. कंदफुलं गारव्यात दुप्पट टिकतात म्हटलं तरी चालेल. उबदार दिवाणखान्यात तीच हायसिंथ आठवड्यात लोळते. म्हणून घरात आणलेली फुलती कुंडी रात्री तरी सगळ्यात गार जागी न्या.

कोवळं_पान

दगडफूल, मनापासून आभार. फ्रिजमध्ये सफरचंदं होतीच. आता वसंत सुरूच झालाय, कंद लावायची वेळ तर गेली. या मोसमात काहीच करता येणार नाही का?

जास्वंदी

येईल की! नर्सरीतून कळीवर आलेली रोपं आण. पूर्ण फुललेली नकोत, कितीही मोह झाला तरी. कळ्यांचा जेमतेम रंग दिसायला लागलेला हवा. कुंडी हळूच पालथी करून मुळं बघ. पांढरी, भरगच्च पण गुंडाळीत न अडकलेली असली की घे. रोप काचघरात किंवा शेडनेटमध्ये वाढलेलं असतं, त्याला एकदम उघड्यावर ठेवू नकोस. आठवडा-दहा दिवस रोज थोडं थोडं जास्त ऊन आणि वारा दाखव.

रानवारा, तुमच्या मुद्द्यावर विचार केला. एकच कुंडी असेल तर मिश्र लावणी हवी, मान्य. पण तिथेही रंग दोनच ठेवा आणि तिसरी जागा पानांना द्या, एवढं माझं ऐकाच. पाच रंगांच्या कुंडीत डोळा कुठेच थांबत नाही.

हायड्रेंजियाबद्दल एक राहिलं. प्रदर्शनात निळा आणि गुलाबी शेजारी शेजारी बघून लोक दोन जाती समजतात. बहुधा जात एकच असते, मातीचा फरक. मातीचा सामू (आम्लता दाखवणारा pH) साधारण ५.५ किंवा कमी असेल आणि मातीत अ‍ॅल्युमिनियम असेल तर निळा, ६.५ च्या पुढे गुलाबी. पांढऱ्या जाती बदलत नाहीत. कुंडीत हे सांभाळणं जमिनीपेक्षा सोपं, कारण माती आपण ठरवतो. पाण्याला मात्र हे झाड भारी अधाशी, कडक दिवसात सकाळ-संध्याकाळ द्यावं लागतं.

रानवारा

दोन रंग आणि पानं, मंजूर. यंदा पांढरं स्नॅपड्रॅगन, जांभळी पॅन्सी आणि कडेने आयव्ही लावून इथेच फोटो टाकतो.

दगडफूल

कोवळं_पान, फुलं सरल्यावरचं लिहायचं राहिलं. ट्यूलिप-डॅफोडिलचं वाळलेलं फूल देठाच्या वरच्या टोकाशी खुड, बी धरू देऊ नकोस. पानं मात्र हिरवी आहेत तोवर कापायची नाहीत, गाठी मारायच्या नाहीत, रबर लावायचं नाही. पुढच्या वर्षीचं फूल त्या पानांच्या जोरावर कंदात तयार होतं. पिवळी पडेपर्यंत साधारण सहा आठवडे लागतात, तोवर पाणी चालू ठेव. ती कुंडी मागे उजेडात सरकव आणि पुढे दुसरी आण. पानं पूर्ण वाळली की पाणी बंद, कंद काढून झटक, जाळीच्या पिशवीत कोरड्या हवेशीर जागी टांग. डॅफोडिल आणि मस्करी तुझ्याकडे नीट थंडी पडत असेल तर पुन्हा येतील. ट्यूलिपचे फक्त सगळ्यात मोठे कंद ठेव, बारक्यांना पुढच्या वर्षी नुसतं एक पान येतं.